स्मृति-मापनाची मर्यादा : लिनक्स कर्नलमधील एका ड्रायव्हरचे परीक्षण

साहित्यकृतीप्रमाणे संगणकाची आज्ञावली हीदेखील एक रचना असते. तिच्या कर्त्याने काय सांगितले आहे हे जसे पाहावयाचे, तसेच त्याने काय सांगण्याचे टाळले आहे हेही पाहावयाचे असते. आज्ञावलीचे काम मापनाचे असेल, तर यांपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. मापकाने आपल्या अधिकाराबाहेरचा एखादा आकडा सांगितला, तर त्या आकड्यावर प्रबंध रचले जातात, यंत्रखरेदीचे निर्णय घेतले जातात आणि मूळ दोष कोणाच्याही ध्यानी येत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये २०२३ साली ६.५ या आवृत्तीपासून समाविष्ट झालेला, सीएक्सएल उपकरणांच्या कार्याचे मापन करणारा ड्रायव्हर या दृष्टीने परीक्षणास योग्य आहे. जोनाथन कॅमेरॉन हे त्याचे कर्ते होत. ड्रायव्हर आकाराने लहान आहे. त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र लहान नाही. स्मृति-उपकरणाने स्वतःविषयी दिलेली साक्ष त्याच्या कार्यक्षमतेबाबत कितपत प्रमाण मानावी, हा तो प्रश्न होय.

सीएक्सएल हे ‘कॉम्प्युट एक्सप्रेस लिंक’ या नावाचे संक्षिप्त रूप आहे. प्रक्रियकाला थेट जोडता येणाऱ्या स्मृतीच्या पट्ट्यांची संख्या मर्यादित असते. ती मर्यादा ओलांडून पीसीआय एक्सप्रेसच्या तारांवरून अधिक स्मृती जोडता यावी, आणि तरीही प्रक्रियकाने ती नेहमीच्या स्मृतीप्रमाणे साध्या वाचन-लेखनाच्या आज्ञांनी वापरावी, अशी या जोडणीची कल्पना आहे. २०१९ साली ती मानकाच्या रूपाने पुढे आली. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.० या आवृत्तीत उपकरणाच्या अंगी मापनाची गणित्रे कशी असावीत, याची व्याख्या करण्यात आली. अशा स्मृतीचा मार्ग लांबचा असल्यामुळे तिचे उत्तर जवळच्या स्मृतीपेक्षा उशिरा येते. किती उशिरा, आणि कोणत्या भारात, हे जाणून घेतल्यावाचून तिचा उपयोग कोठे करावा हे ठरविता येत नाही. मापनाचे प्रयोजन ते हेच.

हा प्रश्न पूर्वी या स्वरूपात नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि पुढे ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या गणकयंत्राची फेराइट कड्यांची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने ती १० किलोबाइट भरते. यंत्र संस्थेतच बांधलेले होते. स्मृती आणि गणन-विभाग यांच्यामध्ये कॅशसारखा कोणताही छुपा थर नव्हता. एका आज्ञेला स्मृतीच्या किती फेऱ्या लागतात हे आराखड्यावरून समजे, आणि फेऱ्यांच्या संख्येला एका फेरीच्या काळाने गुणले की स्मृतीत खर्च झालेला काळ हाती येई. मोजणी आणि काळ यांच्यात असा सरळ संबंध असल्यामुळे एकीवरून दुसरा काढणे निर्धोक होते. पुढील दशकांत प्रक्रियकाचा वेग स्मृतीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढला. १९९५ साली वुल्फ आणि मॅकी यांनी या वाढत्या अंतराला ‘स्मृतीची भिंत’ असे नाव दिले. ती भिंत ओलांडण्यासाठी कॅश आले, एकाच वेळी अनेक विनंत्या पाठविण्याची सोय झाली, पुढे लागणारी माहिती आधीच आणून ठेवण्याच्या युक्त्या आल्या. या प्रत्येक सुधारणेबरोबर मोजणी आणि काळ यांच्यातील तो सरळ संबंध थोडा थोडा तुटत गेला. मापनाच्या अभ्यासकांनी या तुटीची नोंद पुरेशी घेतलेली दिसत नाही. फेऱ्या मोजल्या म्हणजे काळ मोजला, ही जुनी समजूत आजही अनेक लेखनांतून वावरताना आढळते.

कर्नलच्या बाजूने पाहता आणखी एक अडचण आहे. डिस्कचा ड्रायव्हर आपल्या उपकरणाचे मापन सहज करू शकतो. कारण डिस्ककडे जाणारी प्रत्येक विनंती त्याच्या हातून जाते. विनंती पाठविताना एकदा आणि उत्तर आल्यावर एकदा घड्याळ पाहिले की काम होते. फिरत्या डिस्कचे उत्तर काही मिलिसेकंदांनी येते, तर घड्याळ पाहण्यास काही दशक नॅनोसेकंद पुरतात. तेव्हा मापनाचा खर्च नगण्य ठरतो. स्मृतीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट आहेत. कर्नलने पानांची कोष्टके एकदा मांडून दिली की प्रक्रियकाची वाचनाची आज्ञा थेट स्मृतीकडे जाते. वाटेत कर्नल कोठेच भेटत नाही. शिवाय उत्तर यावयाचा काळच शंभर-दोनशे नॅनोसेकंदांच्या घरात असल्याने, प्रत्येक वाचनाभोवती घड्याळ लावले तर मोजण्याची क्रिया मोजावयाच्या वस्तूइतकीच मोठी होऊन बसेल. सारांश, स्मृति-उपकरणाचा ड्रायव्हर हा प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनेचा साक्षीदार होऊ शकत नाही. उपकरणाच्या अंगी असलेल्या गणित्रांना विचारणे आणि ते सांगतील ते विश्वासाने पुढे पोहोचविणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

ही मर्यादा ओळखून ड्रायव्हर रचला गेला आहे, हा त्याचा पहिला गुण. उपकरणात किती गणित्रे आहेत, ती किती बिटांची आहेत, कोणत्या घटना मोजू शकतात, कोणत्या चाळण्या लावू शकतात, हे तो उपकरणाच्या रजिस्टरांतून वाचून घेतो. आणि उपकरणाने ज्या घटनांविषयी आपली समर्थता जाहीर केली असेल, तेवढ्यांचीच नावे वापरणाऱ्यापुढे मांडतो. मानकात एखाद्या घटनेची व्याख्या आहे म्हणून ती प्रत्येक उपकरणात असेलच, असे तो गृहीत धरीत नाही. २००९ साली लिनक्समध्ये आलेल्या ‘पर्फ’ या मापन-व्यवस्थेत त्याने आपले स्थान घेतले आहे. पण त्या व्यवस्थेच्या दोन लोकप्रिय सोयी त्याने स्पष्टपणे नाकारल्या आहेत. ठराविक घटनांनंतर आज्ञावलीचा नमुना टिपण्याची सोय तो देत नाही, आणि एखाद्या विशिष्ट प्रक्रियेपुरती मोजणी करण्याची मागणीही तो मान्य करीत नाही. संपूर्ण यंत्राची एकत्रित मोजणी तेवढी तो करतो. वरवर पाहता हा उणेपणा वाटेल. वस्तुतः उपकरणाला जे ठाऊक नाही ते सांगण्याचे नाकारणे, हे त्यातील सर्वांत प्रामाणिक वैशिष्ट्य आहे.

हा नकार योग्य का, हे रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कशेळे परिसरातून वाहणाऱ्या पेज नदीत सह्याद्रीच्या उतारावरून आलेले पावसाचे पाणी असते, आणि १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरी जलविद्युत् केंद्रातून वीज निर्माण करून सुटलेले पाणीही असते. संगमाच्या खाली नदीत मोजपट्टी रोवली, तर एकंदर प्रवाह किती हे ती बिनचूक सांगेल. त्यातील पाऊस किती आणि केंद्राचे पाणी किती, हे सांगण्याचे साधन तिच्यापाशी नाही. त्यासाठी केंद्राची नोंदवही पाहावी लागेल, किंवा संगमाच्या वर दुसरी मोजपट्टी रोवावी लागेल. सीएक्सएल उपकरणाची स्थिती तीच आहे. त्याच्याकडे येणाऱ्या विनंतीवर स्मृतीचा पत्ता असतो. विनंती कोणत्या आज्ञावलीने केली हे तीवर लिहिलेले नसते. पत्त्यांच्या एका पट्ट्यापुरती मोजणी करणारी चाळणी उपकरणात असेल तर ड्रायव्हर ती वापरू देतो. तो पट्टा एकाच आज्ञावलीला तोडून दिला असेल, तर त्या चाळणीवरून काही अनुमान काढता येते. परंतु ते अनुमान वाटणी करणाऱ्याच्या ज्ञानावर उभे असते. गणित्राच्या साक्षीवर ते उभे नसते, हा भेद विसरता कामा नये.

मापाच्या एककाचा प्रश्न यापुढचा. ड्रायव्हर ज्या घटना मोजतो त्यांत प्रक्रियकाकडून उपकरणाकडे जाणाऱ्या वाचनाच्या आणि लेखनाच्या विनंत्या आहेत, उपकरणाकडून परत येणारी उत्तरे आहेत, आणि उपकरणाच्या पोटातील डीडीआर स्मृतीच्या ओळी उघडणे, मिटणे, ताज्या करणे याही क्रिया आहेत. या सर्व संख्या आहेत. बाइट नव्हेत, सेकंदही नव्हेत. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जत तालुक्यातील आदिवासी पाड्यांत धान्यबँका चालविल्या. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की बँकेतून उसने घ्यावयाचे आणि सुगीनंतर काही वाढीसह परत करावयाचे, अशी धान्यबँकेची सामान्य रीत असते. अशा एखाद्या कोठीच्या दाराशी मापाडी बसला आहे असे मानावे. दिवसभरात शंभर मापे बाहेर गेली हे तो सांगेल. ते माप पायलीचे की अधोलीचे हे ठाऊक नसेल, तर ऐकणाऱ्याचा हिशेब दुपटीने चुकेल. सीएक्सएल स्मृतीच्या वाचनात एका विनंतीबरोबर ६४ बाइट येतात. हा मानकातील आकडा हाती असल्यावाचून विनंत्यांच्या संख्येवरून माहितीचा प्रवाह काढता येत नाही. त्याचप्रमाणे उपकरणाच्या घड्याळाचे ठोके मोजणारी घटनाही ड्रायव्हर पुढे करतो. परंतु ठोक्यांची संख्या म्हणजे काळ नव्हे. ठोक्यांचा दर वेगळा कळावा लागतो, किंवा ‘पर्फ’ने स्वतंत्रपणे दिलेल्या सेकंदांचा आधार घ्यावा लागतो.

त्याच मापाड्याला आणखी एक गोष्ट सांगता येत नाही, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. दाराबाहेर कोणत्या घरच्या माणसाने किती वेळ वाट पाहिली, हे बाहेर पडलेल्या मापांच्या संख्येत कोठेच उमटत नाही. स्मृतीच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रवाह आणि विलंब या दोन भिन्न राशी आहेत. ड्रायव्हरने नावे दिलेल्या घटनांमध्ये विनंत्यांची मोजणी आहे आणि उत्तरांची मोजणी आहे. त्या दोहोंमध्ये गेलेल्या काळाची मोजणी नाही. जॉन लिट्ल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम येथे मार्गदर्शक आहे. कोणत्याही स्थिर रांगेत एका वेळी असणाऱ्यांची सरासरी संख्या ही येण्याचा दर आणि प्रत्येकाने घालविलेला सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा, सेकंदाला १० कोटी वाचने झाल्याचे गणित्राने दाखविले. प्रवाह सेकंदाला ६४० कोटी बाइटांचा झाला. विलंब २५० नॅनोसेकंद असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी २५ विनंत्या वाटेवर असतील. विलंब ५०० नॅनोसेकंद असेल, तर ५० असतील. दोन्ही परिस्थितींत गणित्राचा आकडा एकच. एका यंत्रातील आज्ञावली दुसऱ्यातील आज्ञावलीच्या दुप्पट काळ ताटकळत असली, तरी उपकरणाची साक्ष दोहोंविषयी अक्षरशः सारखीच राहील.

याची उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्या आज्ञावलीत पुढचा पत्ता मागच्या वाचनाच्या उत्तरातच दडलेला असतो, तिला एका वेळी एकच विनंती पाठविता येते. विलंब २५० नॅनोसेकंद असताना ती सेकंदाला ४० लाखांहून अधिक वाचने करू शकत नाही. प्रवाह २५ कोटी ६० लाख बाइटांवरच थांबतो. गणित्राचा हा लहान आकडा पाहून उपकरण मंद आहे असा निर्णय दिला, तर तो अन्यायाचा होईल; कारण उपकरणाने प्रत्येक विनंतीला आपल्या परीने उत्तम उत्तर दिलेले असते, आणि दोष असलाच तर तो आज्ञावलीच्या रचनेत असतो. मोठ्या आकड्यावरून उपकरणाची स्तुती करणे आणि लहान आकड्यावरून त्याची निंदा करणे, ही दोन्ही अनुमाने सारखीच निराधार आहेत.

मापनाच्या दुसऱ्या एका रूढीचाही येथे विचार केला पाहिजे. गणित्रे थोडी आणि मोजावयाच्या घटना अधिक असल्या, तर ‘पर्फ’ त्यांना पाळीपाळीने गणित्र देतो, आणि मिळालेल्या संख्येला एकूण काळ व प्रत्यक्ष मोजणीचा काळ यांच्या गुणोत्तराने वाढवून दाखवितो. चतुर्थांश काळ मोजून १० लाख घटना आढळल्या, तर ४० लाख हा आकडा समोर येतो. शेजारी मोजणीचा काळ २५ टक्के होता हेही छापले जाते. भार एकसारखा असेल तर हा अंदाज स्वीकारण्यास हरकत नाही. परंतु ज्या कामाचे टप्पे भिन्न असतात, जसे आधी माहिती भरणे, मग क्रमाने वाचणे, मग विखुरलेले पत्ते धुंडाळणे, त्याच्या बाबतीत चतुर्थांशावरून संपूर्णाचा अंदाज बांधणे म्हणजे केवळ दुपारच्या मोजणीवरून चोवीस तासांचा पाऊस सांगण्यासारखे आहे. अशा अंदाजांना लेखनात ‘मोजलेली संख्या’ म्हटले जाते आणि शेजारचा टक्केवारीचा रकाना गाळला जातो, तेव्हा दोष साधनाचा नसतो. साधनाने सत्य सांगितलेले असते. लेखकाने ते अर्धे ऐकलेले असते.

ड्रायव्हरचे गुण इतके सांगितल्यावर त्याची उणीवही सांगणे प्राप्त आहे. त्याच्यासोबतचे लिखित स्पष्टीकरण फारच त्रोटक आहे. घटनांची नावे मानकातील संक्षेपांवरून घेतली असल्यामुळे मानक जवळ नसलेल्या वाचकाला ती कूटाक्षरेच वाटतात. नमुना टिपता येत नाही आणि प्रक्रियेपुरते मोजता येत नाही, हे तेथे सांगितले आहे, पण त्यामागील कारण नीट उलगडलेले नाही; आणि विनंत्यांच्या संख्येवरून विलंब काढता येणार नाही, या सर्वांत आवश्यक इशाऱ्याला तर तेथे स्थानच नाही. दुसरी गोष्ट अशी, की मानकाबाहेरील घटना मोजण्यासाठी उत्पादकाचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि घटनांचा मुखवटा देण्याची सोय ड्रायव्हरने ठेवली आहे. सोय उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि या मार्गाने आलेल्या संख्येचा अर्थ उत्पादक सांगेल तोच असतो, आणि ‘पर्फ’च्या तक्त्यात ती मानकातील संख्येच्या पंक्तीला बरोबरीच्या मानाने बसते. दोन उत्पादकांच्या अशा संख्यांची तुलना करणे म्हणजे दोन गावांच्या पायल्या एकच मानण्यासारखे होय. तिसरी गोष्ट मुखवट्याची. एकाच गटातील अनेक घटना एका गणित्रात मोजता येतात. परंतु तेथे त्यांची बेरीज होते, आणि झालेली बेरीज नंतर फोडता येत नाही. वापरणाऱ्याला याची जाणीव करून देणे स्पष्टीकरणाचे कर्तव्य होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ड्रायव्हरने कच्च्या संख्या देण्याऐवजी प्रवाह आणि विलंब तयार करूनच का देऊ नयेत? सामान्य अभ्यासकाला मानकाची शेकडो पाने वाचावयास लावणे हे कोणते शहाणपण? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर कर्नलमध्ये शोधणे चुकीचे आहे. कर्नलमध्ये बसविलेले सूत्र सहज बदलता येत नाही, आणि त्यातील गृहीत गोष्टी वापरणाऱ्याच्या नजरेआड राहतात. संख्या कर्नलने द्यावी, सूत्र कर्नलबाहेरील साधनाने द्यावे आणि सूत्रातील गृहीते छापून द्यावीत, ही विभागणी अधिक शास्त्रशुद्ध आहे. ड्रायव्हरने ती पाळली आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी बाहेरच्या साधनांनी आणि स्पष्टीकरणाने आपला वाटा उचलला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

हा विचार महाराष्ट्रातील संशोधकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केल्यापासून मोठ्या गणनाचे एक प्रमुख केंद्र या प्रदेशात आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी एक पुण्याच्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा यंत्रांत स्मृतीवर होणारा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. संपूर्ण यंत्राची मोजणी करण्याचा अधिकार बहुधा व्यवस्थापकापुरता राखलेला असल्याने, विद्यार्थ्याच्या हाती येणारे आकडे अनेकदा दुसऱ्याने मोजलेले असतात. म्हणून प्रबंधात वा अहवालात स्मृतीविषयी आकडा देताना काही गोष्टी त्याच्यासोबत आल्याच पाहिजेत. गणित्र मार्गावर कोठे होते. एका घटनेचे माप किती बाइटांचे. मोजणीचा अवधी किती आणि त्यातील किती भाग प्रत्यक्ष मोजला गेला. त्या वेळी यंत्रावर दुसरे कोणते काम चालू होते. आणि कोणतेही काम नसताना तेच गणित्र काय दाखवीत होते. विलंबाविषयी विधान करावयाचे असेल, तर प्रक्रियकाच्या बाजूने, एकामागून एक अवलंबून असलेल्या वाचनांच्या साध्या आज्ञावलीने तो स्वतंत्रपणे मोजलेला असावा. नदीच्या उदाहरणातील दुसरी मोजपट्टी ती हीच.

एकंदरीत पाहता, कॅमेरॉन यांच्या ड्रायव्हरने स्मृतीच्या कार्यक्षमतेचे मापन केले आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्मृति-उपकरणाच्या दारातून काय गेले आणि काय आले, याची विश्वसनीय मोजणी त्याने उपलब्ध करून दिली आहे. कार्यक्षमता ही त्या मोजणीवरून, आणखी एका स्वतंत्र मापनाच्या साहाय्याने, विवेकपूर्वक काढावयाची गोष्ट आहे. ड्रायव्हरने आपली सीमा ओळखली आहे, आणि त्याबद्दल तो प्रशंसेस पात्र आहे. त्याच्या आकड्यांवर लिहिणाऱ्यांनी तीच सीमा आपल्या लेखनात ओळखावी, अशी अपेक्षा धरणे अवाजवी ठरणार नाही.